एआय कोडिंग असिस्टंट: ‘जवळपास बरोबर’ कोड किती महाग पडतो

कोड लिहायला मदत करणारं एआय साधन गिटहब कोपायलट जून २०२२ मध्ये महिना १० डॉलरला सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा त्याचं काम पुढच्या ओळी सुचवण्यापुरतं होतं. आता कर्सर, क्लॉड कोड आणि खुद्द कोपायलटचे एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पायरीपायरीने करणारे असिस्टंट, फाइली उघडतात, टर्मिनलमध्ये कमांड चालवतात, टेस्ट लावतात आणि चुकलं की स्वतःच दुरुस्तीला लागतात. हा रिव्ह्यू या एजंट प्रकाराबद्दल आहे. कुठल्या एका कंपनीबद्दल नाही, कारण खालच्या अडचणी थोड्याफार फरकाने सगळीकडे येतात.

जिथे पैसे वसूल होतात ते आधी. सीएसव्ही आयात करणारी स्क्रिप्ट, डॉकरफाइल, नेहमीच्या साच्यातली एपीआय, दुसऱ्याने लिहून ठेवलेली किचकट एसक्यूएल समजून घेणं, या कामांत वेळ खरोखर वाचतो. अनोळखी प्रोजेक्टमध्ये ‘हा फॉर्म सेव्ह होताना डेटा कोणत्या फाइलींतून जातो’ एवढा प्रश्न विचारला तरी शोधाशोध बरीच कमी होते. उत्तरात आलेल्या दोन-तीन फाइली मात्र उघडून पाहाव्यात.

खरा त्रास आहे तो जवळपास बरोबर असलेल्या कोडचा. साफ चुकलेला कोड लगेच एरर देतो आणि विषय संपतो. जवळपास बरोबर कोड चालतो, टेस्ट हिरव्या (म्हणजे पास) दाखवतो आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, जातो. स्टॅक ओव्हरफ्लो या डेव्हलपरांच्या प्रश्नोत्तर साइटच्या २०२५ च्या सर्वेक्षणात ६६ टक्के डेव्हलपरांनी हीच तक्रार नोंदवली होती.

एक नमुना बघा. फॉर्ममध्ये मराठीत नाव घ्यायचंय, फक्त अक्षरं आणि स्पेस चालतील, असं पायथनमध्ये मागितलं. असिस्टंटने रेगेक्समध्ये (मजकूर ठरावीक साच्यात बसतो का ते तपासणाऱ्या सूत्रात) बॅकस्लॅश डब्ल्यू हा अक्षर, अंक आणि अंडरस्कोर यांचा वर्ग वापरला. दिसायला ठीक. पण पायथनच्या नेहमीच्या रेगेक्स मॉड्यूलमध्ये काना, वेलांटी, उकार ही चिन्हं त्या वर्गात बसतच नाहीत. ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. म्हणजे ‘कमल’ पास, ‘सुनीता’ नापास. टेस्टही असिस्टंटनेच लिहिल्या आणि त्यांत रोमन लिपीतली नावं घातली, तर सगळं हिरवंच दिसणार. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडचा ‘लेटर’ वर्ग वापरला तरी हाच घोळ होतो. त्याच्या जोडीला ‘मार्क’ वर्गही द्यावा लागतो. तेवढं केल्यावरही ‘कऱ्हाडे’ अडकू शकतं, कारण काही कीबोर्ड ऱ्ह लिहिताना मध्ये झिरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि ते चिन्ह या दोन्ही वर्गांच्या बाहेर असतं. हे सगळं मॉडेलला विचारलं तर ते बिनचूक समजावून सांगतं. न विचारता सांगेलच, हा भरवसा धरू नये. म्हणून टेस्टमधली उदाहरणं स्वतः द्यावीत: जोडाक्षर, रफार, अनुस्वार, नुक्ता, रिकामं नाव.

दुसरी अडचण जुन्या व्हर्जनची. पांडाज या पायथनच्या डेटा लायब्ररीमधून डेटाफ्रेमची (डेटाच्या तक्त्याची) अपेंड मेथड एप्रिल २०२३ च्या २.० व्हर्जनमध्ये काढून टाकली, पण इंटरनेटवर तिची उदाहरणं ढिगाने आहेत आणि मॉडेल त्यांवरच शिकलंय. पायडँटिक या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीच्या पहिल्या आणि दुसऱ्या व्हर्जनची सरमिसळही अशीच होते. उपाय सोपा: प्रोजेक्टच्या सूचना-फाइलमध्ये (असिस्टंट जी वाचतो त्या फाइलमध्ये) भाषा, लायब्ररी आणि नेमके व्हर्जन लिहा, टेस्ट चालवायची कमांड द्या, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही तेही सांगा. ही फाइल ३०–४० ओळींत बसवा. पानंच्या पानं सूचना दिल्या की त्यांतल्या काही सुटतातच.

अस्तित्वातच नसलेली पॅकेजं (इन्स्टॉल करून वापरायचा तयार कोड) सुचवणं हा प्रकार जास्त धोक्याचा. २०२५ मध्ये यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत मांडलेल्या अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५.७६ लाख कोड नमुने घेतले होते. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळजवळ १९.७ टक्के नावं कुठेच नव्हती. असं नाव हेरून कुणी त्याच नावाने घातक पॅकेज टाकलं की तुमची इन्स्टॉल कमांडच दार उघडून देते. अनोळखी पॅकेज आलं की आधी पायपीआय किंवा एनपीएमवर (पायथन आणि जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या साठ्यांवर) त्याचं पान उघडा, पहिलं रिलीज कधीचं आहे आणि सोर्स रिपॉझिटरी आहे का ते पाहा. एजंटला इन्स्टॉलची परवानगी आपोआप देऊन ठेवू नका.

‘टेस्ट पास कर’ एवढंच सांगितलं तर एजंट कधी टेस्टच बदलतो, कधी एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) पकडून गिळून टाकतो. त्यामुळे फेल होणारी टेस्ट आधी कमिट करा (गिटमध्ये नोंदवून ठेवा), मगच त्याला कामाला लावा, आणि शेवटी डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) टेस्टच्या फोल्डरला धक्का लागलाय का ते आधी बघा. काम वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या फांदीवर, ठेवा. पहिल्यांदा फक्त प्लॅन मागा. एका वेळचा डिफ १५०–२०० ओळींच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे माणूस वाचत नाही, नुसता स्क्रोल करतो.

दोनदा सांगूनही तीच चूक आली तर तिसऱ्यांदा रागावून काही साधत नाही. फसलेले प्रयत्न कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेलसमोर असलेल्या संभाषणात) साचलेले असतात आणि मॉडेल त्यांच्याच वळणावर पुढे जातं. बदल गिटमधून मागे घ्या, नवं संभाषण उघडा आणि जे कळलं ते तीन ओळींत लिहून पुन्हा सुरुवात करा.

वेगाबद्दलच्या अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. एमईटीआर या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांकडून त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं करून घेतली. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र २० टक्के वेळ वाचल्यासारखा वाटत होता. साधनं तेव्हापासून सुधारली आहेत, पण अंदाज आणि घड्याळ यांतली ही तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

टेस्ट असलेल्या, रिव्ह्यूची शिस्त असलेल्या टीमने वर्गणी जरूर घ्यावी. जिथे टेस्टच नाहीत तिथे एजंटकडून पहिलं काम टेस्ट लिहून घेण्याचं करावं आणि त्या टेस्ट स्वतः वाचाव्यात. नुकतं प्रोग्रामिंग शिकणाऱ्याने कोड समजून घ्यायला वापरावं, पण एरर मेसेज आधी स्वतः वाचावा. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. एक महिना घ्या आणि प्रत्येक कामाला लागलेला वेळ रिव्ह्यू आणि दुरुस्ती धरून लिहून ठेवा. बदल मुख्य कोडमध्ये मर्ज झाल्यावर पुढच्या १४ दिवसांत त्याच फाइलीत पुन्हा किती वेळा हात घालावा लागला, तेही त्याच्याच शेजारी.