‘पॉइंट ४५’च्या नावाखाली गळ्यात मारलेला साचा

बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या रायफलीची काडतुसं घरी पुन्हा भरायला कायद्याने परवानगी आहे अशा ठिकाणी तुम्ही राहत असाल आणि सामान जुळवायला निघाला असाल, तर ‘कम्प्लीट सेट’ विकणाऱ्यांपासून जपा. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीसाठी म्हणून मला असाच एक सेट विकला गेला: गोळ्या ओतायचा साचा, पुंगळ्यांना आकार देणारी डाय, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणि दारू मोजायचं माप. विकणारा बोलायला गोड होता, जुन्या रायफलींची त्याला खरोखर माहिती होती, आणि तीच माहिती त्याने फसवायला वापरली. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण या कामात चुकीच्या सामानाने डोळा किंवा हात जाऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळी हातचलाखी एका आकड्यात होती. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाला .५७७/४५० म्हणतात. गोळीला फिरकी देण्यासाठी नळीत पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात, खाचांच्या मधले भाग म्हणजे उंचवटे. यातला ४५० हा या उंचवट्यांमधला व्यास, ०.४५० इंच. पिळाच्या खाचांच्या तळापर्यंत मोजलं तर माप बरंच जास्त भरतं, त्यामुळे शिशाची गोळी साधारण ०.४६८ इंचाची लागते, कधी त्याहूनही जाड. अमेरिकन .४५-७० हे १८७३ सालचं काडतूस, तेही बोलताना ‘४५’च, पण त्याची गोळी ०.४५८ इंचाची. फरक इंचाच्या शंभराव्या भागाचा. .४५-७० चे साचे कुठेही मिळतात, मार्टिनीचे शोधावे लागतात आणि महाग पडतात. स्वस्तातला साचा महागाच्या नावाने खपवायला एवढं पुरेसं आहे.

माझ्याकडे आलेल्या साच्यावर ‘४८०’ ठोकलेलं होतं. मार्टिनीच्या मूळ गोळीचं वजन ४८० ग्रेन, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम. ओतलेली पहिली गोळी तराजूवर ठेवली तर जेमतेम २६ ग्रॅम. विचारल्यावर उत्तर आलं, ‘शिशात कथील जास्त पडलं असेल, कथील हलकं असतं.’ ऐकायला पटतं. पण वीस भाग शिशाला एक भाग कथील या नेहमीच्या मिश्रणात वजन फार तर तीन टक्क्यांनी उतरतं. इथे सोळा टक्क्यांची तूट होती, आणि २६ ग्रॅम म्हणजे साधारण ४०० ग्रेन, .४५-७० च्या जुन्या ४०५ ग्रेनच्या गोळीच्या अगदी जवळ. मग साचा खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरला. ‘४८०’च्या आजूबाजूची जागा बाकीच्या लोखंडापेक्षा किंचित खोलगट आणि चकचकीत होती, आणि चारच्या उभ्या रेघेमागे घासून काढलेल्या जुन्या आकड्याची कड स्पष्ट दिसत होती.

मापावरूनही त्याने वाद घातला. मार्टिनीच्या नळीत पिळाच्या सात खाचा असतात. संख्या विषम, त्यामुळे प्रत्येक खाचेसमोर उंचवटा येतो. नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढला आणि नुसता कॅलिपरमध्ये धरला, तर खाचेचं खरं माप मिळतच नाही. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो ठामपणे म्हणाला की मोजण्यात माझीच चूक आहे. यावर उपाय सोपा आहे: त्या शिशाभोवती माहीत असलेल्या जाडीचा पातळ पितळी पत्रा घट्ट एक फेरा गुंडाळायचा, वरून मायक्रोमीटरने मोजायचं आणि पत्र्याची जाडी दोनदा वजा करायची. माझ्या नळीचं माप ०.४६६ आलं. साच्यातून पडणारी गोळी ०.४५८.

शेवटचा त्याचा मुद्दा असा, की मऊ शिसं काळ्या दारूच्या धक्क्याने फुगून खाचांत बसतंच. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. थोडीफार कसर शिसं भरून काढतं, पण एवढ्या फटीतून आधी तप्त वायू निसटतो, गोळीच्या कडा खातो, नळीत शिशाचा थर चढवतो, आणि गोळी कोलांट्या खात गेली की कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पडते.

पुंगळ्यांबद्दल सांगितलं होतं, ‘१८७१ च्या अस्सल, एकसंध पितळेच्या.’ त्या काळची मूळ पुंगळी एकसंध नव्हतीच. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली, बुडाला लोखंडी चकती असलेली ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नाही. ओढून केलेल्या एकसंध पुंगळ्या नंतरच्या. आल्या त्या बाहेरून आरशासारख्या घासलेल्या होत्या, पण आत टॉर्च मारला तर तळाशी हिरवट गंज. काळ्या दारूची राख ओल धरते, पुंगळी वेळेवर पाण्याने धुतली नाही तर पितळ आतून खाल्लं जातं. तारेचं टोक वाकवून बुडाच्या जरा वर आतून फिरवलं की खाच लागते, तिथूनच पुंगळी तुटते. नव्या पुंगळ्याच घ्या. चोवीस गेजच्या पितळी शॉटगन पुंगळ्या घडवूनही मार्टिनीच्या तयार करता येतात.

डायचे आटेही आधी विचारून घ्या. डाय ज्यात बसवतात त्या बहुतेक प्रेस सात-अष्टमांश इंच, इंचाला १४ आटे या मापाच्या असतात, मोठ्या पुंगळ्यांच्या डाय पुष्कळदा त्याहून जाड.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच. मापात दारू कमी पडत होती, तेव्हा त्याने सल्ला दिला की राहिलेली जागा रिकामी सोडा, नाहीतर थोडी धूरविरहित दारू मिसळा. हे कोणीही, कधीही करू नका. काळी दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये, नळीला फुगवटा येऊ शकतो. आणि धूरविरहित दारूचा दाब ही जुनी रायफल सोसू शकत नाही.

परत घ्यायला त्याने नकार दिला, कारण ‘साच्यात शिसं ओतलंत, म्हणजे तो वापरलेला झाला.’ ओतल्याशिवाय साचा तपासता येत नाही, हे त्याच्या पथ्यावर पडतं. म्हणून पैसे देण्याआधी त्याच्याकडूनच ओतलेली गोळी मागवा, निदान मायक्रोमीटरच्या जबड्यात धरलेल्या आणि शेजारी तराजूवर ठेवलेल्या गोळीचे फोटो मागा. बिलावर ‘मार्टिनीचा साचा’ एवढंच नको, गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत आणि वजन ग्रेनमध्ये लिहून घ्या. मी हे फोटो मागितले तेव्हा ‘दुसरा गिऱ्हाईक थांबलाय’ असं उत्तर आलं होतं. मला सेट विकताना दाखवलेले फोटो मात्र आता दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला लागलेत: साच्याच्या डाव्या मुठीचं लाकूड टोकाला चिरलेलं आहे आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली आहे.