लिलावातून जुने पोर्ट्रेट फोटो: वर्षाहून अधिक काळाचा अनुभव

भारतातल्या ऑनलाइन लिलावांतून एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले पोर्ट्रेट फोटो घ्यायला लागून वर्ष उलटून गेलं. एवढ्या काळात एक मत पक्कं झालंय: चेहरा बघून बोली लावू नये, आधी फोटोची मागची बाजू मागवून घ्यावी. कॅटलॉगात पगडी, भिकबाळी, नजर सगळंच सुरेख दिसतं. पण आपण पैसे मोजतो ते एका कागदाचे, आणि तो कागद कधीचा, कुठल्या स्टुडिओतला, कुणाकुणाच्या घरात राहून आलेला, याचा बराचसा पत्ता पाठीवरच लागतो.

सुरुवात करणाऱ्यानं कार्ट-द-व्हिजिट आणि कॅबिनेट कार्डपासून करावी असं मला वाटतं. पहिलं साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचं, दुसरं पावणेअकरा बाय साडेसोळाचं. दोन्हींत अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागापासून केलेल्या अल्ब्युमेन कागदावरची प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली असते, कारण तो कागद इतका पातळ की नुसता ठेवला तर गुंडाळी होते. या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव, शहर, कधी मिळालेल्या पदकांची चित्रं छापलेली असतात आणि त्यावरून काळ बांधता येतो. प्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांना हैदराबादच्या सहाव्या निजामानं १८९४ साली ‘राजा’ हा किताब दिला. तेव्हा पुठ्ठ्यावर ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ असेल तर तो पुठ्ठा त्याआधीचा असूच शकत नाही. त्यांचा मुंबईचा स्टुडिओ १८९६ चा, म्हणून मुंबईचा पत्ता छापलेलं कार्ड आणखी अलीकडचं. कॅटलॉगात मात्र सर्रास ‘१८८० च्या सुमारास’ असं लिहिलेलं दिसतं. प्रश्न विचारला की तारीख बदलली जाते, आणि ती बदलली की अंदाजित किंमतही पुन्हा तपासावी लागते.

मला सर्वांत जास्त आनंद दिला तो मोडी लिपीनं. ‘अज्ञात मराठा सरदार’ अशी नोंद असलेल्या एका कॅबिनेट कार्डाच्या पाठीचा फोटो मागवला, तर खाली कोपऱ्यात शाईनं मोडीत दोन ओळी. पुण्यातल्या एका मोडी जाणणाऱ्या काकांना दाखवल्या. त्यांनी वाचल्या: मुलाचं नाव, गाव, ‘लग्नाचे वेळी काढविला’ आणि शके १८१५, म्हणजे इसवी सन १८९३-९४. सरदार वगैरे कुणी नाही, नवरदेव! अंगावरचा जरीचा अंगरखा, हातातली तलवार, सगळं लग्नाचं. माझ्या दृष्टीनं त्या दोन ओळींनी फोटोचं मोल दुपटीनं वाढलं. त्या काळी महाराष्ट्रातली घरं नावनिशी बऱ्याचदा मोडीत टाकायची, आणि मोठ्या शहरांतल्या लिलावगृहांत ती वाचणारं माणूस सहसा नसतं. मराठी वाचकानं ही आपली जमेची बाजू समजावी. मोडीची तोंडओळख करून देणारे वर्ग ठिकठिकाणी चालतात, त्यात घातलेला वेळ इथे थेट उपयोगी पडतो.

मुंबईचा या विषयाशी संबंध किती जुना आहे हे मलाही संग्रह करायला लागल्यावरच नीट कळलं. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी जोडलेले होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. त्या पहिल्या पिढीचं काम लिलावात क्वचित येतं, आणि आलं तर माझ्यासारख्याच्या आवाक्यात राहत नाही.

फोटो हातात आल्यावर मी दहापट भिंग घेऊन बसतो. अल्ब्युमेन प्रिंटमध्ये चकाकीखाली कागदाचे तंतू दिसतात. नंतरच्या जिलेटिन सिल्व्हर प्रिंटमध्ये (जिलेटिनच्या थरात चांदीनं उमटलेल्या कृष्णधवल फोटोत) कागद आणि प्रतिमेच्या मध्ये बॅरिटा या खनिज भुकटीचा पांढरा थर असल्यानं तंतू झाकले जातात. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापखान्यातली प्रत, फोटो नव्हे. विसाव्या शतकातल्या कामासाठी लहानसा अतिनील टॉर्च फार उपयोगाचा. कागद उजळवणारी रसायनं फोटोच्या कागदात १९५० च्या दशकापासून रुळली, त्यामुळे १९३० सालची म्हणून विकली जाणारी प्रिंट टॉर्चखाली निळसर चमकली तर ती नंतर काढलेली आहे हे उघड होतं.

आणि हा ‘नंतर काढलेली’चा मुद्दा किमतीत प्रचंड फरक पाडतो. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहात छायाचित्रकार मॅन रे यांच्या ‘ल व्हियोलाँ दँग्र’ या फोटोला सुमारे एक कोटी २४ लाख डॉलर आले. ती १९२४ ची, फोटो काढला त्याच काळातली प्रिंट होती. त्याच प्रतिमेच्या पुढल्या काळातल्या प्रिंट याच्या जवळपासही जात नाहीत. हेच तत्त्व आपल्याकडे लहान आकड्यांत चालतं. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी काढलेली चित्रतारकांची पोर्ट्रेट मला अतिशय आवडतात, त्यांतला प्रकाश बघत राहावा असा. पण अशा कुठल्याही लॉटमध्ये (लिलावात एकत्र विकल्या जाणाऱ्या नगात) प्रिंट तेव्हाची की आत्ताची, हे वर्णनात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मी बोली लावत नाही.

खर्चाचं सांगायचं तर पडद्यावर दिसणारा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. समजा ५०,००० रुपयांवर हातोडा पडला आणि लिलावगृहाचं प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून वर घेतलं जाणारं कमिशन, २० टक्के असेल, तर १०,००० वाढले. त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,८००. झाले ६१,८००. वस्तूवरचा कर, पॅकिंग, विमा, कुरिअर पुढे आहेच. मी माझी कमाल मर्यादा हा सगळा हिशेब उलटा करून ठरवतो आणि आधीच ॲब्सेंटी बोली (लिलावाआधी कळवून ठेवलेली कमाल बोली) नोंदवून मोकळा होतो. शेवटच्या मिनिटाला बोली आली की बऱ्याच ऑनलाइन लिलावांत वेळ पुढे सरकते, आणि त्या ताणाताणीत माणूस ठरवलेल्या रकमेवर राहत नाही.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेची लिलावगृहानं दिलेली नोंद, फार त्रोटक असतात. एका लिलावगृहानं ‘चांगल्या अवस्थेत’ म्हणून दिलेल्या जिलेटिन प्रिंटच्या कडा प्रत्यक्षात चंदेरी पडलेल्या होत्या. सरळ उजेडातल्या स्कॅनमध्ये हा दोष दिसतच नाही, फोटो तिरपा धरला की दिसतो. विचारल्यावर ‘जशी आहे तशी’ या अटीकडे बोट दाखवलं गेलं. हे मला अजिबात पटलेलं नाही. विकणाऱ्यानं प्रिंट हातात धरलेली असते, घेणाऱ्यानं नाही. तेव्हा सांगण्याची जबाबदारी त्याचीच. आता मी प्रत्येक लॉटचा तिरप्या उजेडातला फोटो मागतो. नाही मिळाला तर लॉट सोडतो.

घरी आणल्यावर खरी कसोटी पावसाळ्याची. जुन्या फोटोंना ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, आणि कोकणपट्टीत जुलैत ती कुठल्या कुठे जाते. दमट हवेत जिलेटिन मऊ होऊन काचेला चिकटतं, अल्ब्युमेनचे उजळ भाग पिवळे पडतात, कसर लागते ती वेगळीच. म्हणून फ्रेम करायची तर मध्ये आम्लरहित माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, काच थेट फोटोला टेकता कामा नये. बाकीचे फोटो मी पॉलिएस्टरच्या पाकिटांत, आम्लरहित खोक्यात, आतल्या बाजूच्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवतो. बाजारातले चिकट पानांचे आणि पीव्हीसीचे अल्बम पूर्ण टाळावेत. सिलिका जेल ठेवतो, पण ते वेळोवेळी तापवून कोरडं केलं नाही तर निरुपयोगी. यंदा छोटा डीह्युमिडिफायर घेतला. विजेचं बिल वाढलं, तरी खोलीतला आर्द्रतामापक पाहिला की ते पैसे योग्य जागी गेले असं वाटतं.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी महत्त्वाचं: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाहीत. कॅटलॉगात अशा लॉटपुढे ‘निर्यात करता येणार नाही’ अशी खूण असते, ती वाचूनच बोली लावा. शिवाय प्रिंट विकत घेतली म्हणजे तिचा कॉपीराइट मिळाला असं होत नाही. भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीपासून फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. त्यामुळे अलीकडच्या छायाचित्रकाराचं काम भिंतीवर लावायला हरकत नाही, पुस्तकात छापायचं तर परवानगी हवी.

हे पैसे वाढवण्याचं साधन म्हणून मी कुणाला सुचवणार नाही, लहान स्टुडिओंच्या फोटोंना पुन्हा गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. ज्याला चेहऱ्यांचा, कागदाचा आणि जुन्या हस्ताक्षरांचा मनापासून लळा आहे त्यानं जरूर यावं. माझा पुढचा शोध कोल्हापूर आणि बडोद्याकडच्या रंगवलेल्या पोर्ट्रेटचा आहे. फोटोवर हातानं रंग चढवल्यानं खालची प्रिंट जवळपास झाकलेली असते, म्हणून तिथे तर पाठ बघितल्याशिवाय एक रुपयाही पुढे करायचा नाही, असं ठरवलंय.