डीबॅन : हार्ड डिस्कसाठी चोख, एसएसडीसाठी गैरलागू

जुना संगणक विकण्यापूर्वी खासगी माहिती पुसण्यासाठी डीबॅन हे मोफत साधन आजही सुचवले जाते, आणि फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कपुरता तो सल्ला योग्य आहे. डीबॅन टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून एंटर दाबले की निळ्या पडद्यावर डिस्कची यादी येते; स्पेस दाबून डिस्क निवडायची आणि एफ१० दाबायचे. निवड मात्र दोनदा तपासावी, कारण इथे परतीची वाट नाही. ३५ वेळा पुनर्लेखन करणारी गुटमन पद्धतही यात आहे, परंतु आजच्या डिस्कला एकच फेरी पुरते. बाकी सारा वेळेचा अपव्यय.

एसएसडीची, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हची, गोष्ट निराळी आहे. तिचा कंट्रोलर (नियंत्रक चिप) माहिती साठवणाऱ्या पेशींची झीज समान राहावी म्हणून नवे लेखन प्रत्येक वेळी दुसऱ्याच जागी नेतो, त्यामुळे वरून कितीही शून्ये लिहिली तरी जुनी माहिती राखीव पेशींमध्ये शिल्लक राहू शकते, शिवाय ड्राइव्हचे आयुष्य विनाकारण खर्ची पडते. तिथे उत्पादक कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ ही आज्ञाच वापरावी. डीबॅनची २०१५ नंतर नवी आवृत्तीही आलेली नाही; हार्ड डिस्कसाठीसुद्धा नव्या संगणकावर एनवाइप हा डिस्क पुसणारा प्रोग्राम असलेले श्रेडओएस हे तसेच मोफत साधन मी अधिक पसंत करेन.