‘अनफक युअर ब्रेन’: काही महिने वापरल्यानंतर

फेथ जी. हार्पर या टेक्सासमधल्या समुपदेशक. मानसिक आघातानंतर मेंदूत काय होतं आणि त्यातून कसं सावरायचं, यावरचं त्यांचं हे 2017 सालचं पुस्तक वाचून झालं तरी माझ्या हाताशीच असतं. नावातच शिवी, आतही पानोपानी. त्यावरून आमच्या वाचनगटात सरळ दोन तट पडले. एका काकांनी थोडं वाचून परत केलं, ‘आजारावर बोलायची ही पद्धत झाली का?’ म्हणाले. माझी मैत्रीण मात्र म्हणाली, ‘मला बिचारी न समजता कुणीतरी बोललं.’

मी मैत्रिणीच्या बाजूने आहे. आघातातून गेलेल्या माणसाला भीतीइतकीच स्वतःची लाज वाटते, आणि त्या मोकळ्या भाषेने ती लाज कमी होते.

पण पुस्तकाचा खरा ऐवज पहिल्या अर्ध्या भागात आहे. अमिग्डाला ही मेंदूतली धोक्याची घंटा. जुन्या प्रसंगाची नुसती चाहूल लागली तरी ती वाजते, आणि विचार करणाऱ्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा ताबा तेवढ्यापुरता सुटतो. ‘अगं, आता कशाला घाबरतेस?’ हे घरच्यांचं समजावणं त्या क्षणी आत का पोचत नाही, ते मला इथे कळलं. माझा अपघात घाटात झाला होता. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की अजूनही तळवे घामाने भिजतात. अशा वेळी आता मी पुस्तकातल्या युक्तीप्रमाणे एसटीच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन बोटांनी चाचपते, कंडक्टरच्या तिकीट मशीनचा आवाज ऐकते, खिडकीबाहेर दिसेल त्याचं नाव मनात घेते आणि श्वास सावकाश सोडते. बहुतेक वेळा छातीतली धडधड उतरते. रात्रीच्या स्वप्नांवर मात्र याचा काही उपयोग झाला नाही.

सावरण्यासाठी आघातानंतरचे पहिले 90 दिवस महत्त्वाचे, यावर पुस्तकात बराच भर आहे. लहानपणीचे घाव घेऊन वाचणाऱ्यांना त्याने धसका बसतो. गटातल्या एकीला बसलाच. त्यांनी तिथे थांबू नये. मेंदूला उशिराही नव्याने शिकवता येतं, हेच तर पुस्तकाचं म्हणणं आहे.

राग, व्यसन, नैराश्य, शोक ही पुढची प्रकरणं घाईत उरकली आहेत. शोकाला तर फारच कमी जागा मिळालीय, याचं मला वाईट वाटलं. शिवाय दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे स्वतःपुरता निवांत कोपरा कुठून आणायचा, याचं उत्तर यात नाही. मी गच्चीवर जाते. सगळ्यांना गच्ची नसते.

इंग्रजी सोपं, बोलण्यातलं आहे. पण महिना उलटूनही झोप लागत नसेल, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येत असेल, तर पुस्तकाच्या भरवशावर राहू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.