गडद रंगाचा घरगुती बार: पुण्याच्या बाजारातल्या साहित्याची पारख

काळा सनमायका, काळं ग्रॅनाइट, काळी काच आणि कडेला सोनेरी पट्टी. पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये होम बार करायचा म्हटलं की बहुतेक कोटेशनमध्ये याच चार गोष्टी असतात. यातली एकही वाईट नाही. बिघडतं ते चुकीच्या जागी लावल्यामुळे. पाण्याचा क्षार, धूळ, बोटांचे ठसे, लिंबाचा डाग हे सगळं फिकट दिसतं, आणि फिकट डागाला काळ्या पृष्ठभागाइतकं उठाव देणारं दुसरं काही नाही. म्हणून आमचा हिशेब असा: हात लागतो तिथे मॅट, पाणी सांडतं तिथे ग्रॅनाइट, आणि चकाकी फक्त बाटल्यांच्या मागे.

सुरुवात वरच्या टॉपपासून, कारण पैसे वाचवायला जाऊन सर्वात जास्त पस्तावा इथेच होतो. कडप्पा स्वस्त आणि मनासारखा काळा, पण तो चुनखडीचा दगड आहे. काळा संगमरवरही त्याच जातीचा. लिंबाचा रस, टॉनिक वॉटर, वाइन, सगळी आम्लं. थेंब पंधरा मिनिटं राहिला तरी तिथली चमक जाते आणि राखाडी वर्तुळ उमटतं. तो डाग नसून दगडच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे पुसून निघत नाही, पुन्हा घासून पॉलिश करावं लागतं. ग्रॅनाइटला लिंबाचं भय नाही. एकसंध काळा हवा असेल तर जेट ब्लॅक, सोनेरी कणांचा हवा असेल तर आंध्रातल्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी. घरगुती बारसाठी आमची पसंती जेट ब्लॅकच्या लेदर फिनिशला, म्हणजे चामड्यासारख्या किंचित खडबडीत, कमी चमकेच्या पृष्ठभागाला. आरशासारख्या पॉलिशवर ग्लासाचा प्रत्येक ओला ठसा दिसतो, लेदर फिनिशवर तो हरवतो.

घेताना एक चाचणी कराच. स्लॅबच्या कोपऱ्यावर पांढऱ्या फडक्याने अ‍ॅसिटोन चोळा. फडकं काळं झालं, तर करड्या दगडाला रंग मारलेला आहे आणि तो दोन-तीन वर्षांत असमान उडेल. दुसरी गोष्ट आधाराची. स्टुलावर बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी टॉप दहा ते बारा इंच पुढे काढावा लागतो. १८ मिमी जाडीचा दगड एवढा अधांतरी ठेवू नये. खाली १८ मिमी प्लाय आणि दर दोन फुटांवर लोखंडी ब्रॅकेट हवा, नाहीतर कोणी कोपर टेकून उठताना सिंकच्या कापापासून तडा जातो.

खालच्या कपाटासाठी साधा १ मिमी लॅमिनेट पुरेसा आहे, आणि गडद रंगाचा इथे एक फायदाही होतो. लॅमिनेटच्या आतला कागदी थर मुळात तपकिरी असतो. पांढऱ्या शटरच्या कडेला ती रेघ डोळ्यांत भरते, वेंगे किंवा चारकोलमध्ये दिसतच नाही. मॅटमध्ये ठसे न उमटणारा प्रकार थोडा महाग पडतो, पण शटरवर तोच घ्या. काळं हाय ग्लॉस अ‍ॅक्रिलिक आम्ही सुचवणार नाही. रोजच्या पुसण्यानेच त्यावर बारीक गोल ओरखडे पडतात आणि खालून दिवा लागला की ते जाळ्यासारखे चमकतात. प्लाय सिंकच्या कपाटात आयएस ७१० शिक्क्याचाच (मरीन प्लाय), बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) चालतो.

व्हिनियर, म्हणजे प्लायवर चिकटवायचा खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, मात्र वेगळ्याच तोलाची गोष्ट. अक्रोड किंवा स्मोक्ड ओकची खरी रेघ जो सखोलपणा देते, तो छापील लॅमिनेटमध्ये येत नाही. बाटल्यांच्या मागची भिंत किंवा काउंटरची दर्शनी बाजू यांच्यासाठी खर्च करावा तो इथे. सगळी मदार पॉलिशवर आहे. जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश बारवर अजिबात नको, कारण लाख स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. व्हिस्कीचा थेंब पडला की तीच क्रिया उलटी होते आणि ते मऊ पडून पांढरट होतं. मेलामाइन मध्यम. दोन घटकांचं मॅट पीयू (पॉलियुरेथेन) सर्वोत्तम: सीलर, घासणी, मग दोन हात. पॉलिशवाल्याला हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घालायला सांगा. घाईत जास्त घातलं की थर ठिसूळ होतो. जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलं बरं. हवेतली ओल थरात अडकते आणि दुधाळ झाक येते. फिकट लाकडावर ती खपून जाते, गडद लाकडावर नाही. शेवटच्या हातानंतर आठवडाभर वर बाटली ठेवू नये.

मागच्या आरशासाठी ५ मिमी ब्राँझ किंवा ग्रे टिंट घ्या. साध्या आरशाने गडद बारचा सगळा गंभीरपणा जातो. चिकटवताना न्यूट्रल सिलिकॉनच वापरायला सांगा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन आरशाच्या पाठीचा मुलामा खातं आणि वर्षभरात काळे ठिपके दिसू लागतात. फळ्या ८ मिमी टफन काचेच्या, तीन फुटांच्या पुढे १० मिमी. भरलेली ७५० मिलिची बाटली सव्वा ते दीड किलोची, म्हणजे तीन फुटांच्या एका रांगेत पंधरा किलोच्या आसपास भार येतो. भोकं आणि कडांची घासणी टफन करण्याआधीच हवी, नंतर काच कापता येत नाही. फळ्यांमधलं अंतर चौदा इंच ठेवा.

प्रकाशात काटकसर करू नका. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०, आणि सलग उजेड देणारी सीओबी स्ट्रिप दुधी झाकणाच्या (डिफ्युझरच्या) पट्टीत. सुट्ट्या एलईडींची साधी स्ट्रिप काळ्या काचेत ठिपक्यांची माळ होऊन दिसते. ड्रायव्हर, म्हणजे स्ट्रिपला वीज पुरवणारा डबा, फळीमागे बंद करून ठेवला की तापून मरतो; तो उघडता येईल अशा खणात हवा.

सोनेरी पट्टीसाठी पीव्हीडी केलेलं (निर्वात भट्टीत सोनेरी थर चढवलेलं) स्टेनलेस स्टील निवडा, आणि त्यावर पीतांबरी कधीही चोळू नका. खऱ्या धातूची आवड असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तिथल्या मठारकामाचा (हातोडीने ठोकून ठसे उमटवलेला) तांब्याचा पत्रा काउंटरच्या दर्शनी भागाला लावला की काळ्या दगडाशेजारी जी ऊब येते, ती कुठल्याही आयात पॅनेलला येत नाही. पुण्यात राहून हे सोडणं म्हणजे खरंच नुकसान. बर्फाचं भांडं तिथून घेतलंत तर आतून कल्हई हवीच. उघड्या तांब्यात लिंबू-सोडा मिसळू नये. पाताळेश्वराची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तोच आपला बेसॉल्ट मागच्या भिंतीलाही शोभतो. फक्त त्याच्या बारीक छिद्रांत धूळ बसते, म्हणून तो हाताच्या उंचीच्या वर लावावा.

मापं थोडक्यात: टॉप ४२ इंच, स्टुलाची बैठक ३० इंच, माणशी २४ इंच रुंदी, मागच्या कपाटापर्यंत ३६ इंच मोकळी जागा. हॉलमध्ये एवढं बसत नसेल तर काउंटर सोडा आणि भिंतीतलं कपाटच नीट करा. सिंक हवंसं वाटतं, पण पाइपला दर चार फुटांना एक इंच उतार मिळत नसेल तर ते घेऊ नये, तुंबतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर काळं क्वार्ट्झ सिंक महिन्याभरात पांढरं पडतं. तिथे स्टीलच बरं.

वाइन कूलर पुढून हवा सोडणारा असेल तरच काउंटरखाली बसवा. मागून गरम हवा टाकणारा बंदिस्त केला की कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेजारचा व्हिनियर सुटतो. कॉर्कच्या वाइनच्या बाटल्या आडव्या, व्हिस्की-रमच्या उभ्याच; आडव्या ठेवल्या तर तीव्र मद्य कॉर्क कुजवतं. उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत बारसाठी टाळा.

खरेदीसाठी प्लाय आणि व्हिनियर भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये, स्ट्रिप आणि ड्रायव्हर तपकीर गल्लीत, बिजागऱ्या-कुलपं बोहरी आळीत. व्हिनियरचे सगळे शीट एकाच गठ्ठ्यातून सलग नंबरचे घ्या आणि दुकानातच शेजारी शेजारी उभे करून रेघ जुळवा. कपाट किती मोठं करायचं हे ठरवण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना काढा. तो नसताना मद्य बाळगणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि साठ्यालाही मर्यादा आहे. घरात मुलं असतील तर खालच्या खणांना कुलूप सुताराकडून पहिल्याच दिवशी बसवून घ्या. पॉलिश झाल्यावर भोक पाडलं की कड उडते.