मागचं चाक हाताने बांधून घेतलं, पुढचं कंपनीचंच ठेवलं: एका पावसाळ्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग पुराण. रिम ब्रेकची (म्हणजे ब्रेकचं रबर चाकाच्या कडीला, रिमलाच घासतं अशी) रोड बाइक गोव्यात बारमाही चालवणार असाल आणि अंगाने माझ्यासारखे भरलेले असाल, तर मागचं चाक हाताने बांधून घ्या. पुढचं कंपनीचं असेल तर राहू द्या. माझ्या सायकलला सध्या अशीच विजोड जोडी आहे: पुढे २० चपटे स्पोक, मागे ३२ गोल. ग्रुपमध्ये थट्टा होते, होऊ दे.

सायकलबरोबर आलेली जोडी एका नावाजलेल्या कंपनीची होती, मागे २४ स्पोक. चाक वाईट होतं असं मुळीच नाही, सपाटीला सुसाट पळायचं. पण चोर्ला घाट उतरताना केरीच्या अलीकडे मागचा एक स्पोक तुटला आणि चाक इतकं आउट झालं, म्हणजे डुगडुगायला लागलं, की ब्रेक पूर्ण सैल सोडूनही रिम घासतच राहिली. चोविसातला एक गेला की दोन्ही बाजूंची ओढ लगेच बिघडते. बत्तिसातला गेला तर निदान हळूहळू घर गाठता येतं. टेम्पोत टाकून सायकल साखळी गावात आणली. खरा वैताग पुढे होता. तो स्पोक त्या कंपनीच्याच खास आकाराचा. म्हापशात नाही, मडगावात नाही, आणि दुकानदार आपला महिनाभर ‘येतोय, येतोय’.

त्यात खारी हवा. माझी रोजची वाट पणजीहून रायबंदरच्या बांधावरून, म्हणजे एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. कंपनीने वजन वाचवायला अ‍ॅल्युमिनियमचे निपल (स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या बारक्या चाक्या) लावलेले. स्टीलचा स्पोक, अ‍ॅल्युमिनियमचा निपल आणि मध्ये खारं पाणी असं जमलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. रिमच्या भोकापाशी पांढरी पूड दिसायला लागली, चावी लावली की निपल फिरायच्या ऐवजी त्याच्या कडाच गोल व्हायच्या. असं चाक आउट काढायला कोणी हातात घेत नाही.

मागचंच चाक का, तर माणसाचं जास्त वजन मागे असतं. शिवाय ११ गिअरच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांना, जागा द्यायची म्हणून हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) स्पोक अडकवायची उजवी तबकडी मध्याकडे सरकलेली असते. रिम मध्यावर आणायची तर उजवे स्पोक करकचून ओढावे लागतात, डावे निम्म्याच्या थोडे वर. हे डावे खड्ड्यात सैल पडतात, निपल फिरतो आणि कटकट सुरू होते. स्पोक जास्त असले की हाच भार वाटला जातो.

साहित्य असं: डीटी स्विसची आर ४६० रिम, शिमानो १०५ चा हब, सापिमचे रेस स्पोक (टोकांना २ मिमी, मध्ये १.८) आणि पितळी निपल. मजुरी धरून १५ हजारांच्या आसपास. एवढ्यात कंपनीची साधी जोडी येते, हे मान्य. उजव्या-डाव्या स्पोकची लांबी वेगळी लागते, ती मागवण्यात थांबावं लागलं तेही मान्य.

फोंड्याच्या ज्या मेकॅनिककडून बांधून घेतलं, त्यांनी स्पोक भरायचं काम गप्पा मारता मारता उरकलं. वेळ गेला तो पुढे. थोडा ताण द्यायचा, आउट काढायचा, मग हातमोजे घालून शेजारचे समांतर स्पोक जोडीजोडीने मुठीत धरून जोरात आवळायचे. पहिल्या फेरीला चाक टिंग टिंग वाजत होतं, कारण चावीने पिळलेले स्पोक सुटत होते. की पुन्हा आउट, पुन्हा आवळणं. म्हटलं, “बाब, पुरे की आता.” तर म्हणाले, “आवाज बंद जायसर हांव चाक दिवचो ना.” म्हणजे आवाज थांबेपर्यंत चाक मिळणार नाही. शेवटी ताण मोजायच्या गेजवर उजवीकडे ११० किलोच्या आसपास, डावीकडे जेमतेम ६०.

सुरुवातीला एकदा किंचित आउट काढून घ्यावा लागला. त्यानंतर मृगापासून चवथीपर्यंतचे खड्डे झाले, घाट झाला, चाकाने तक्रार केलेली नाही. वजन वाढलंय, चढाच्या पहिल्या वळणावर जाणवतं, मग विसरायला होतं. पाऊस सरल्यावर हब उघडला, पाव इंची छर्रे दोन्हीकडे नऊ-नऊ, धुऊन नवं ग्रीस भरलं. असले छर्रे गावातल्या कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतात.

रिम मात्र झिजतेय. तांबडी माती ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि कानशीसारखी घासते. दर आठवड्याला टाचणीने खडे काढतो, तरी बोट फिरवलं की पट्टी थोडी खोलगट लागते. ही रिम संपली की तीच नवी आणायची, जुनीला चिकटपट्टीने बांधायची आणि एकेक स्पोक इकडून तिकडे न्यायचा. हब तोच, आणि स्पोक धड असले तर तेही तेच.

डिस्क ब्रेक असेल तर झिजेचा हा मुद्दाच उरत नाही. तेव्हा कंपनीचं घ्या, फक्त साधे गोल, मान वाकवलेले स्पोक आहेत ना ते बघून. आणि तुमच्याकडचा मेकॅनिक ताण न मोजता नुसता आउट काढून देणारा असेल, तर हाताने बांधण्याच्या भानगडीत पडूच नका. त्याच्यापेक्षा कारखान्यातलं यंत्र बरं. माझ्या पुढच्या चाकाचे निपल तेवढे पितळी करून घेतलेत.