कॅनन २००डी मार्क टू : पावसाळ्यापासून रंगपंचमीपर्यंत टीव्ही मोडवर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हा कॅमेरा घेतला, तोही सेकंडहँड. सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन झूम लेन्स मिळाल्या. आता रंगपंचमीसुद्धा होऊन गेली, म्हणजे पाऊस, गणपती, थंडी, धूळ सगळं त्याच्या अंगावरून गेलंय. मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांच्या) जमान्यात आरशावर चालणाऱ्या डीएसएलआरचा रिव्ह्यू कशाला, असं कुणी विचारेल. पण नाशकात गोदाघाटावर रविवारी सकाळी चक्कर मारा, असलेच कॅमेरे गळ्यात घातलेली पोरं भरपूर दिसतात आणि बहुतेकांचा डायल ऑटोवर चिकटलेला असतो.

बॉडीबद्दल फार लिहीत नाही. २४.१ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, बॅटरी आणि कार्डासकट साडेचारशे ग्रॅमच्या आसपास वजन, बाहेर फिरणारी टचस्क्रीन, शटर ३० सेकंदांपासून १/४००० पर्यंत, सेकंदाला ५ फोटो. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकसचे ९ पॉइंट. आजच्या मानाने हे आकडे साधेच आहेत. बॅटरी मात्र व्ह्यूफाइंडर वापरला तर दिवसभर पुरून उरते, स्क्रीनवरच्या लाइव्ह व्ह्यूने पटापट उतरते.

माझा सगळा अनुभव डायलवरच्या एका खुणेभोवती फिरतो: टीव्ही, म्हणजे टाइम व्हॅल्यू. निकॉन, सोनीवाल्यांकडे त्याच जागी एस असतं. शटर स्पीड (सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा) आपण सांगायचा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं) कॅमेरा ठरवतो आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर टाकलं की तेही तोच बघतो. मेनूत ऑटो आयएसओची वरची मर्यादा मी ६४०० ठेवली आहे. त्यावर फोटोत दाणे दिसतात, दिसू देत. दाणेदार फोटो आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो, छापूनही बरा दिसतो. हललेल्या फोटोचं काहीच करता येत नाही.

ऑटो मोडची खोड अशी की त्याला समोरचा माणूस चालतोय की बसलाय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. प्रकाश कमी झाला की तो १/६० वर येतो आणि फ्लॅश हाताने उघडा म्हणून खुणावत राहतो. १/६० ला बसलेली आजी नीट येते, धावणारा नातू येत नाही. घरात ट्यूबलाइटखाली लहान मुलं असतील तर १/१२५ च्या खाली जाऊ नका, पळापळ चालू असेल तर १/२५०. आयएसओ ३२०० वर जाईल, जाऊ द्या.

व्ह्यूफाइंडरमध्ये दोन गोष्टींकडे डोळा ठेवायची सवय लागली. एक, शटरचा आकडा. तिथे नुसता ८ दिसला तर तो १/८ सेकंद असतो, आठाच्या पुढे वर दोन छोट्या रेघा दिसल्या तर पूर्ण ८ सेकंद. दुसरी, अ‍ॅपर्चरचा आकडा. तो सगळ्यात लहान आकड्यावर येऊन लुकलुकायला लागला की समजायचं, तुम्ही मागितलेल्या शटरला पुरेल एवढा प्रकाश नाही. लेन्स पूर्ण उघडली, आयएसओ मर्यादेला टेकलं, आता फोटो काळपट येणार. मग शटर एक पायरी खाली आणायचा. १/१००० चा १/५०० केला की प्रकाश दुप्पट. हे गणित बोटांत बसलं की बाकीचं फारसं शिकायला उरत नाही.

थंडीत नांदूरमध्यमेश्वरला वरचेवर जाणं झालं. गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळचा हा जलाशय रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली ती पहिली जागा. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मनोऱ्यावर पक्ष्यांपेक्षा लेन्स जास्त दिसतात. तिथे ५५-२५० घेऊन जाताना संकोच वाटतो खरा, शेजारी कुणाची तरी ६०० मिलिमीटरची तोफ असते. पण काठाजवळचे वारकरी पक्षी, राखी बगळे, जांभळ्या पाणकोंबड्या यांना २५० पुरते.

उजाडताना उडत्या पक्ष्याला १/२००० दिलं की एफ ५.६ ला (हा अ‍ॅपर्चरचा आकडा, तो लहान तेवढं छिद्र मोठं) आयएसओ ३२०० च्या घरात जातं. ऊन वर आलं की तेच शटर ४०० वर मिळतं. त्यामुळे मी पहाटेच्या अर्ध्या तासात उडणाऱ्यांच्या मागे लागतच नाही. तेव्हा उभ्या बगळ्याला १/२५० द्यायचं, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा थरथराट सांभाळून घेतं. जुना नियम आहे की शटर १ भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) एवढा ठेवावा. आपला सेन्सर लहान, त्याला कॅननचा १.६ क्रॉप धरायचा (फोकल लेंथला १.६ ने गुणायचं), म्हणजे २५० ला १/४०० होतं. स्टॅबिलायझेशनमुळे त्याच्याही खाली जाता येतं, मात्र ते आपला हात स्थिर करतं, पक्ष्याचा पंख करत नाही. दुकानदार ही दुसरी बाजू कधी सांगत नाहीत.

उडत्या पक्ष्याला आणखी दोन गोष्टी लागतात. फोकस एआय सर्व्होवर, म्हणजे हलत्या गोष्टीचा सतत पाठलाग करणारा, आणि पॉइंट मधलाच. नऊच्या नऊ चालू ठेवले तर कॅमेरा मागच्या पाणकणसांत रमतो. आणि पांढुरक्या आभाळात घार किंवा शराटी (आयबिस) असेल तर एक्स्पोजर कम्पेन्सेशन +१ करून फोटो मुद्दाम उजळ करायचा, नाहीतर पक्षी म्हणजे नुसती काळी आकृती.

सोमेश्वरच्या धबधब्याबद्दल माझं मत बहुतेकांना पटणार नाही. पावसाळ्यात तिथे ट्रायपॉड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पाणी दुधासारखं करायचं असतं. १ सेकंद, २ सेकंद, मग पाणी राहतच नाही, खडकावर कापूस पिंजून ठेवल्यासारखं काहीतरी दिसतं. तिथे उभं राहिलं की जो धडधडाट छातीत जाणवतो तो फोटोतून गायब. मला १/८ ते १/४ आवडतं: पाण्याच्या धारा लांबतात, पण त्यांचे धागे वेगळे दिसतात, कुठे जोर आहे ते कळतं. गढूळ पुराचं पाणी असेल तर उलट टोकाला जाऊन १/१००० बघा, लाटेचा तुटलेला काठ मातीच्या ढेकळासारखा दिसतो.

ढगाळ दुपारी आयएसओ १०० आणि एफ ११ ला साधारण १/२५ मिळतं. तीन स्टॉप कापणारा, म्हणजे प्रकाश तीनदा निम्मा करणारा, एनडी८ हा काळपट काचेचा फिल्टर लावला की १/३. फिल्टरशिवाय एफ २२ पर्यंत बंद करूनही शटर लांबवता येतो, पण तेवढ्या बारीक छिद्रातून चित्र मऊ पडतं. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, शटर २ सेकंदांच्या टायमरवर, बोटाचा धक्का नको म्हणून. आणि फडकं हाताशी. तुषारांनी फिल्टर सतत ओला होतो आणि कॅमेऱ्याला पाण्यापासून सील नाही. पुढे खडकांवर उतरू नका, वरून पाणी सोडलं की वेळ मिळत नाही.

ढोलाच्या सरावात हा मोड सगळ्यात जास्त कामी आला. गणपतीच्या आधी संध्याकाळी मैदानांवर पथकं जमतात, उजेड म्हणजे दोन-चार हॅलोजन. सगळे सांगतात, वेग पकडायचा तर शटर वाढवा. त्या उजेडात वाढवून वाढवून किती वाढवणार? मी भाच्याच्या पथकाला बराच वेळ नुसती बघत बसले. टिपरू (ढोलाची काठी) वर जातं, एक क्षण थांबतं, मग खाली येतं. त्या थांबण्याच्या क्षणी बटण दाबलं तर १/१२५ लाही टिपरू लख्ख येतं, कारण तेव्हा ते हलतच नसतं. आणि १/४० वर मधेच दाबलं तर चेहरा स्थिर, टिपऱ्याचा पंखा. भाच्याला दुसरा फोटो आवडला. “आत्या, यात आवाज येतोय,” म्हणाला. ताशाच्या काड्यांना मात्र हा उपाय लागू पडत नाही, त्या थांबतच नाहीत.

एलईडी दिव्यांचा एक त्रास सांगून ठेवते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० वर फोटोत आडवे काळपट पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ आणि पुढचा अंधारा. शटर १/१०० किंवा १/५० वर आणला की बहुधा प्रश्न मिटतो. मंडपात, हॉलमध्ये, रोषणाईच्या कमानीखाली आधी हेच तपासते. बारशाच्या फोटोंना लागणारा फ्लॅश १/२०० च्या वर नेहमीच्या पद्धतीने चालत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेले दगडी हौद. तिवंधा चौकात एका ओळखीच्यांच्या गच्चीवरून ५५-२५० लावून बसले होते, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, पुढे फक्त लेन्सचं तोंड उघडं. धप्पा मारणारा हौदात उडी घेतो, पाण्याची भिंत उठते आणि सगळं संपतं. १/५०० वर माणूस ठीक येतो, पण थेंबांच्या रेघा होतात. हिशोब साधा आहे: थेंब सेकंदाला ५ मीटर वेगाने उडाला तर १/५०० सेकंदात तो १ सेंटिमीटर सरकतो, १/२००० मध्ये अडीच मिलिमीटर. दुपारच्या उन्हात १/२००० सहज मिळतं आणि रंगाचे थेंब मण्यांसारखे सुटे येतात.

सेकंदाला ५ फोटो ऐकायला भरपूर वाटतात, पण दोन फोटोंमध्ये ०.२ सेकंद जातात आणि रहाडीतलं पाणी तेवढ्यात चढून उतरायला लागतं. बटण दाबून धरण्यापेक्षा उडी बघून एकदाच दाबलेले फोटो जास्त चांगले आले. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींत) सलग काढत राहिलं तर कॅमेरा थोड्याच वेळात अडखळतोही, कार्डावर लिहून होईपर्यंत पुढची उडी गेलेली असते. माझं पहिलं कार्ड स्वस्तातलं, वेष्टनावर लिहिलेल्या वेगाच्या आसपासही नव्हतं. बदललं.

टीव्ही मोड कुठे नको, तेही सांगते. पोर्ट्रेटला मागचं धूसर हवं तर एव्ही, त्यात अ‍ॅपर्चर आपण ठरवतो. पांडवलेणीतल्या आतल्या कोरीवकामाला, द्राक्षबागेच्या रांगेला, शांत सकाळच्या गंगापूर धरणाला शटरची घाई नसते, तिथेही एव्ही बरं. पूर्ण मॅन्युअलला या बॉडीत एकच चाक आहे, अ‍ॅपर्चर बदलायचं तर मागचं बटण दाबून धरून तेच चाक फिरवायचं. सवय होते, पण चालत्या मिरवणुकीत मी त्या भानगडीत पडत नाही.

रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीला या दोन्ही लेन्स कमी पडतात, हे मान्य करायला हवं. ज्योती हलत असतात, हात हलत असतात, १/१२५ तरी हवंच आणि एफ ५.६ ला आयएसओ ६४०० ला जाऊन टेकतं. ज्योती पांढऱ्याफटक होऊ नयेत म्हणून कम्पेन्सेशन -१ केलं की थोडी सवलत मिळते. म्हणून पुढचा खर्च नव्या बॉडीवर नाही, ५० मिलिमीटर एफ १.८ वर. एफ ५.६ पासून १.८ म्हणजे तीन स्टॉपपेक्षा थोडं जास्त, जिथे ६४०० लागत होतं तिथे ८०० च्याही खाली भागतं. क्रॉपमुळे ती ८० मिलिमीटरसारखी वागते, त्यामुळे तांबट लेनसारख्या चिंचोळ्या गल्लीत पाठ भिंतीला लागेल. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, तेव्हा १/१०० च्या खाली उतरायचं नाही.